चाळीस टक्क्यांचं स्थळ

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिक्षण खात्याचं एक पत्र आमच्या मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर येऊन पडलं. वर ठळक अक्षरात 'अतितातडीचे'. या खात्यात जे खरोखर तातडीचं असतं ते वर्षवर्ष येत नाही आणि जे बिनकामाचं असतं ते नेहमी अतितातडीचं असतं, हे सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला पाठ झालंय. विषय होता, 'माध्यमिक शिक्षक होण्याकडे तरुणांचा ओढा कमी का झाला, त्याची कारणे व उपाय'. प्रत्येक शाळेनं एक समिती नेमायची, महिनाअखेर दहा पानांचा अहवाल द्यायचा आणि समितीची बैठक झाल्याचा फोटो जोडायचा. फोटो नसेल तर बैठक झाली नाही असं समजलं जाईल, असंही खाली लिहिलं होतं.

आमचे मुख्याध्यापक उमाशंकर सर. कपाळाला भस्माची तीन बोटं, अंगात सफारी, बोलणं कायम व्यासपीठावर उभं असल्यासारखं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शामलाबाई, तुमचं मराठी चांगलं आहे. अहवाल तुम्ही लिहा." मराठीच्या शिक्षिकेचं मराठी चांगलं आहे याचा शोध या गृहस्थांना फक्त अहवाल लिहायचा असतो तेव्हा लागतो.

बैठक त्याच दिवशी, चौथ्या तासाला. चौथा तास म्हणजे दहावीचं गणित. समितीत एक तरुण शिक्षक हवा होता, आणि आमच्या अख्ख्या शाळेत तरुण म्हणावा असा एकच, योगीराज. बाकी आम्ही सगळे पन्नाशी ओलांडलेले, गुडघे धरून जिना चढणारे. म्हणून त्याला फळ्यापुढून उठवून आणलं. शिक्षक कमी का होताहेत यावर आम्ही सात जण पाऊण तास चर्चा करत बसलो आणि दहावीची त्रेचाळीस पोरं शिक्षकाविना बसली. याचं कुणालाच काही वाटलं नाही. फोटो मात्र दोनदा काढला, कारण पहिल्यात उमाशंकर सरांचे डोळे मिटले होते.

योगीराज माझाच विद्यार्थी. याच शाळेत, आमच्या याच लोहारा गावात शिकला. बारावीनंतर माझ्याकडे आला होता, "बाई, काय करू?" तेव्हा मीच त्याला म्हणाले होते, "तू शिक्षक हो. तुला समजावून सांगता येतं." तो झाला. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, परीक्षा दिल्या आणि सहा वर्षांपूर्वी आमच्याच शाळेच्या 'ब' तुकडीवर लागला. आमची जुनी तुकडी पूर्ण अनुदानावर आहे, म्हणजे तिच्या शिक्षकांना सरकार पुरता पगार देतं. 'ब' तुकडी चाळीस टक्के अनुदानावर. म्हणजे शंभर टक्के शिकवायचं आणि चाळीस टक्के पगार घ्यायचा. अनुदानाचा पुढचा टप्पा कधी मिळेल ते सरकारलाही माहीत नसतं. त्यात जुन्या तुकडीचे गणिताचे सर निवृत्त झाले, ती जागा कुणी भरली नाही, तेव्हापासून दोन्ही तुकड्यांचं गणित हाच एकटा घेतो.

आणि घेतो कसा! फळ्यावर मुद्दाम एक पायरी चुकवतो आणि गप्प उभा राहतो. मग मागच्या बाकावरचं झोपाळू पोरगंसुद्धा जागं होऊन ओरडतं, "सर, चुकलं!" गणितात सरांना पकडायचं म्हणून पोरं घरून तयारी करून येतात. मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवत असते आणि भिंतीपलीकडून हशा ऐकू येतो. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि अभिमानही. गेल्या दोन वर्षांत आमच्या शाळेतलं एकही पोरगं दहावीला गणितात नापास झालेलं नाही.

बैठक संपल्यावर तो माझ्यामागोमाग स्टाफरूममध्ये आला. खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे साध्या भाषेत तलाठी, या पदावर नेमणुकीचा आदेश. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर सहज परीक्षा दिली होती, त्या यादीतून आता नंबर लागला होता. दोन जानेवारीपर्यंत हजर व्हायचं.

"मला जायचं नाही, बाई," तो म्हणाला. "दहावीचा बराच भाग राहिलाय. पण आई ऐकत नाही. ती म्हणते, या महिन्यात मास्तर म्हणून लग्न ठरलं तर राहा मास्तर. नाही ठरलं तर हजर हो."

त्याची आई द्वारकाबाई. लोहाऱ्यापासून आठ किलोमीटरवरच्या गावात राहते, आठ एकर कोरडवाहू जमीन एकटीनं सांभाळते. आम्ही सगळे एकाच समाजातले, लिंगायत. मी, उमाशंकर सर, योगीराजचं घर. त्यामुळे तीन वर्षं तिनं मुलासाठी कुठं कुठं पायऱ्या झिजवल्या ते मला ठाऊक होतं. मागच्या श्रावणात भेटली तेव्हा सांगत होती, "बाई, धा ठिकानी जाऊन आलो. पोरगं बघून खूष, घर बघून खूष. मंग इचारत्यात, किती टक्क्यावर हाय? पयल्यांदा मला वाटलं मार्कच इचारत्यात. म्या म्हनलं, पंच्याऐंशी पडले हुते की! समदे हसाय लागले. मंग ह्यानं सांगितलं, चाळीस. तर चहाचा कप तसाच ठिवून उठले लोक."

मला ते ऐकून असा संताप आला होता. जावई पोलीस असो, तलाठी असो, वाळूचे टिप्पर फिरवणारा असो, सगळं चालतं. मास्तर म्हटलं की टक्के विचारतात. आणि हेच लोक शिक्षक दिनाला पोरांच्या हातात गुलाबाचं फूल देऊन पाठवतात! पाच सप्टेंबरला मला इतकी फुलं मिळतात की घरी न्यायला पिशवी लागते.

मी योगीराजला म्हणाले, "कुठं जाऊ नकोस. तुझं लग्न मी ठरवते." अगदी असंच म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मी मनापासून बोलत होते.

मुलगी माझ्या डोक्यात होतीच. उमाशंकर सरांची पुतणी, वैदेही. धाकट्या भावाची मुलगी, शिकायला म्हणून सरांच्याच घरी राहिलेली. नुकतीच एम.एस्सी. झाली होती, शांत, समजूतदार. सरांच्या शब्दाबाहेर तो भाऊ नव्हता. आणि योगीराज काय दर्जाचा माणूस आहे हे सरांना सांगायची गरज नव्हती. शाळेच्या निकालाचा फलक चौकात लावताना स्वतःचा फोटो ते त्याच्याच जोरावर छापत होते.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. प्रेमाबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर भरपूर शेंगदाणे घालून. सर खुर्चीत बसून अहवालासाठी उपाय सांगत होते आणि मी लिहून घेत होते.

"लिहा. उपाय क्रमांक एक. समाजानं शिक्षकाला पूर्वीचा मान परत दिला पाहिजे. गावात शिक्षक आला की लोक उठून उभे राहात, ते दिवस पुन्हा आले पाहिजेत. उपाय दोन. पालकांनी आपल्या मुलांना या पवित्र पेशात येण्यासाठी प्रोत्साहन द्यावं. उपाय तीन..."

"सर," मी वही मिटली. "उपाय तीन मी सांगते. वैदेहीसाठी योगीराजचा विचार करा."

सरांचा हात हवेतच राहिला. प्रेमाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "किती टक्क्यावर हाय म्हनला त्यो?"

म्हणजे ज्या घरात त्याचं दर महिन्याचं पगारबिल सहीला येतं, त्या घरात हा प्रश्न. मी म्हणाले, "वहिनी, चाळीस. सरांनाच विचारा, तेच सही करतात."

सर घसा साफ करत म्हणाले, "मुलगा हिरा आहे, बाई. त्यात शंकाच नाही. पण मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे. शंभर टक्के होऊ द्या, मग बघू."

"शंभर होईपर्यंत तो चाळिशीचा होईल."

"मग त्याला नशीब म्हणायचं," असं म्हणून ते हसले. प्रेमाबाईंनी माझ्या बशीत आणखी एक चमचा सुशीला वाढली. वैदेही आतल्या खोलीत होती. तिला कुणी हाक मारली नाही, तिला कुणी विचारलंही नाही, आणि मी ती बशी तशीच ठेवून उठले.

घरी येईपर्यंत रस्ताभर मी मनातल्या मनात सरांवर तोंडसुख घेत होते. काय माणूस आहे! तोंडानं पवित्र पेशा आणि घरात टक्क्यांची चौकशी. हाच माणूस अहवालावर सही करणार आणि हाच अहवाल वर जाणार. तरुण शिक्षक का होत नाहीत म्हणे! याच्यासारखे लोक शिक्षक आहेत म्हणून होत नाहीत.

घरी अर्पिता लॅपटॉप उघडून बसली होती. अर्पिता माझी एकुलती एक मुलगी. पुण्यात एका कंपनीत आहे. डिसेंबरात कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली म्हणून महिनाभर लोहाऱ्याला आली होती. अहवाल टाईप करायचं काम मी तिच्यावरच टाकलं होतं, कारण मला संगणकावर एक ओळ लिहायला एक चहा लागतो. तिचे वडील गेल्यापासून घरातली अशी सगळी कामं तीच करते.

मी तिला सरांच्या घरची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. प्रेमाबाईंची नक्कल केली, सरांच्या हवेत राहिलेल्या हाताचीही केली. अर्पिता पोट धरून हसली. मग म्हणाली, "हे कारणांमध्ये टाकू का?"

"टाक! ठळक अक्षरात टाक. 'शिक्षकच शिक्षकाला मुलगी देत नाहीत.'"

तिनं खरंच टाईप केलं. मग वर बघून म्हणाली, "सर सही करतील?"

"सही करायच्या आधी वाचतात कुठं ते?"

त्या आठवड्यात योगीराज दोनदा आमच्या घरी आला. एकदा प्रिंटर चालत नव्हता म्हणून, एकदा निकालाचे तक्ते द्यायला. अर्पिताशी त्याच्या गप्पा चालल्या होत्या. तिनं त्याला विचारलं, तुम्ही फळ्यावर खरंच मुद्दाम चुकता की खरंच चुकता? तो म्हणाला, महिन्यातून एकदा खरंच चुकतो आणि पोरांना फरक कळत नाही. दोघं हसत होती. मी स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या पोळ्या लाटत होते आणि मला बरं वाटत होतं. इतकंच. त्यापलीकडे माझ्या मनात काही आलं नाही, शपथेवर सांगते. आता वाटतं, यायला हवं होतं.

मी आणखी दोन ठिकाणी शब्द टाकून पाहिला. एक उमरग्याचे किराणा व्यापारी नागप्पा. त्यांनी टक्के विचारले नाहीत, सरळ म्हणाले, "बाई, मास्तर नको, मास्तर सोडून काय बी सांगा." दुसरे तुळजापूरचे एक निवृत्त शिक्षक. तिथं टक्के विचारले. निवृत्त शिक्षकानं! स्वतःची उभी हयात फळ्यापुढं घालवलेल्या माणसानं! मी फोन ठेवताना त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही.

एकोणतीस डिसेंबरला, सोमवारी, शाळा सुटल्यावर घरी आले तर ओसरीवर द्वारकाबाई बसलेल्या. जीपनं आल्या होत्या, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. नवं लुगडं नेसल्या होत्या. अर्पितानं त्यांना पाणी दिलं होतं आणि ती आत कामाला बसली होती, दार उघडंच होतं.

मी त्यांच्यासमोर बसले आणि आधीच माफी मागितली. म्हणाले, "बाई, मी फार प्रयत्न केला. लोकांची तोंडं बघून मला लाज वाटायला लागलीय. आपलेच लोक, शिकलेले लोक, आणि हे असले विचार! त्या उमाशंकर सरांच्या घरी तर..." आणि मी पुन्हा सुरू झाले. सगळ्यांची यथेच्छ खरडपट्टी काढली.

माझं संपल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "बाई, तुमी लई केलं. ह्या गावात माझ्या पोराचं गुन तुमच्यावानी कुनाला म्हाईत न्हाय. त्याला मास्तर व्हय म्हनून तुमीच सांगितलं. म्हनून धाडस करून आले. राग मानू नगा." त्यांनी पदर सारखा केला. "तुमची अर्पिता हाय की. पोरगं तिचं नाव काढतंय. त्यानं मला पाठिवलं न्हाय, म्या आपली आपुनच आले. तुमी व्हय म्हना, म्या उद्याच त्यो तलाठ्याचा कागद फाडून टाकते."

 

डोक्यात एकाच वेळी किती गोष्टी आल्या! पुण्यातला तिचा पगार. योगीराजची लोहाऱ्यातली दोन खोल्यांची भाड्याची जागा. माझ्या बहिणी काय म्हणतील. चाळीस टक्के. हो, तेही आलं, सगळ्यात आधी तेच आलं. ज्याच्या पाठीवर मी बारा वर्षं हात ठेवत आले तो पोरगा मला त्या क्षणी एका आकड्यासारखा दिसला.

"तसं नाही, द्वारकाबाई," मी म्हणाले. "योगीराज चांगलाच आहे. हिरा आहे. पण अर्पिताची नोकरी पुण्यात. आणि तिचं आम्ही एवढ्यात बघतच नाही आहोत."

हे मी ओसरीवरच्या ज्या टेबलाशेजारी बसून बोलत होते, त्याच टेबलावर अर्पिताची पत्रिका आणि बायोडाटा पडला होता, वधूवर मंडळाला पाठवायला काढलेला. वर तिचा फोटो होता. द्वारकाबाईंना वाचता येत नाही, पण फोटो आणि हळदीकुंकवाची बोटं कुणालाही कळतात. त्यांनी एकदा तिकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बराबर हाय तुमचं. पोरीची आई हाव तुमी." आणि उठल्या. शेंगांची पिशवी तिथंच ठेवली. मी ती परत द्यायला लागले तर म्हणाल्या, "आसू द्या. घरच्या हायत."

त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ ओसरीवर बसून राहिले. आत जाववेना. शेवटी अर्पिताच बाहेर आली. मला वाटलं चिडेल, भांडेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी कदाचित नाहीच म्हणाले असते, आई. पुणं सोडायला मला जमलं नसतं. पण तू मला विचारलंसुद्धा नाहीस."

मग म्हणाली, "अहवालातलं ते वाक्य ठेवू का काढू?"

"काढ," मी म्हणाले.

अहवाल एकतीस तारखेला गेला. सरांनी न वाचता सही केली. पुढं कळलं की खात्याला तो फार आवडला आणि धाराशिवच्या कार्यशाळेत सरांना त्यावर भाषण करायला बोलावलं. भाषा ओघवती आहे म्हणे. त्याच दिवशी, एकतीस तारखेला, योगीराजनं राजीनामा दिला. स्टाफरूममध्ये येऊन माझ्या पाया पडला. आईनं त्याला काय सांगितलं, किती सांगितलं, ते मला माहीत नाही. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला त्याच्याशी काहीतरी बोलता आलं असतं. "येतो बाई," इतकंच म्हणाला. जाताना दहावीचा राहिलेला अभ्यासक्रम एका कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवून गेला, कुठल्या मुलाला काय येत नाही ते नावानिशी.

फेब्रुवारीत त्याचं लग्न झालं. पाचच आठवड्यांत ठरून झालं. तलाठ्याला मुलगी द्यायला रांग होती म्हणतात. मुलगी तुळजापूरच्या त्याच निवृत्त शिक्षकाची. आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. उमाशंकर सरांनी पहिल्या पंगतीत बसून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तीनदा मागून घेतली आणि नवरदेवाला म्हणाले, "आमच्या शाळेचं नाव काढलंस!" मी मान खाली घालून जेवले.

गणिताला कुणी मिळालं नाही. जाहिरात द्यायला परवानगी लागते, परवानगीला प्रस्ताव लागतो, प्रस्तावाला मागच्या तीन वर्षांची पटसंख्या लागते. तोवर दहावीचा चौथा तास रोज कुणाला तरी सांभाळायला देतात. एका मंगळवारी माझ्याकडे आला. बोर्डाच्या परीक्षेला सोळा दिवस राहिले होते.

पोरं गुपचूप बसली होती. आरोही पहिल्या बाकावरून वही घेऊन आली. वर्तुळाचं गणित होतं, अर्धं सोडवलेलं. "बाई, ह्याच्या फुडं काय?"

मी वही हातात घेतली. उलटी सुलटी करून पाहिली. "मला येत नाही गं," मी म्हणाले. सत्तावीस वर्षांत वर्गात उभं राहून हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं.

ती हलली नाही. "बाई, सर का गेले?"

अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "त्यांना चांगली नोकरी लागली."

"चांगली म्हंजे?" आरोहीनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी तिला जागेवर जायला सांगितलं आणि मराठीची पुस्तकं काढायला लावली.